समुद्र आणि वाघ : एका प्रवासाचा बेत

प्रवासाचे बेत दोन तऱ्हांनीं करतां येतात. स्थळांची यादी करून ती दिवसांत वांटून द्यावी, ही एक तऱ्हा. आणि बरोबर येणाऱ्या माणसांची यादी करून त्यांना झेपतील तेवढींच स्थळें घ्यावीं, ही दुसरी. पहिल्या तऱ्हेचा बेत कागदावर फार शोभून दिसतो. आमच्या घरीं सध्यां जो बेत शिजत आहे तो दुसऱ्या तऱ्हेचा आहे; आणि तो जुळवितांना जी माहिती गोळा करावी लागली ती एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

इंदूरहून माईमावशींचें पत्र आलें, तेथून या प्रकरणास आरंभ झाला. मावशींना अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू आहे. त्या, त्यांचा मुलगा व सून, आणि दोन नातवंडें अशीं पांच माणसें जानेवारींत आमच्याकडे गिरगांवांत यावयाचीं आहेत. पत्रांतील मागणी अशी कीं, समुद्र निवांतपणें पाहावयाचा आहे आणि वाघ रानांत पाहावयाचा आहे. दोन्ही याच खेपेस, कारण पुढची खेप होईल कीं नाहीं हें कोणीं सांगावें? समुद्र मावशींनीं पूर्वीं एकदांच पाहिला, तोही अनंतचतुर्दशीच्या दिवशीं गिरगांव चौपाटीवर, म्हणजे माणसांच्या पाठींच्या फटींतून. वाघाची गोष्ट निराळी. त्यांच्या सासरीं, जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यांत, भिंतीवर एक व्याघ्रचर्म टांगलेलें होतें. डोक्यासकट, कांचेचे डोळे बसविलेलें. नव्या सुनेच्या वांट्याला जीं कामें आलीं त्यांत दर शनिवारीं त्या कातड्यावरची धूळ झटकणें हें एक होतें. पुढें वाडा विकला गेला आणि कातडें वन खात्याच्या स्वाधीन झालें. “चाळीस वर्षें ज्याची धूळ झटकली तो चालतो कसा, तें एकदां पाहावेंसें वाटतें,” असें त्यांनीं लिहिलें होतें. असें पत्र वाचल्यावर नाहीं म्हणण्याची छाती कोणाची होणार?

इंदूरकरांनीं वाघासाठीं मुंबईकरांना भीड घालावी ही मात्र मौजेची गोष्ट आहे. २०२२ च्या गणनेंत मध्य प्रदेशांत ७८५ वाघ मोजले गेले, महाराष्ट्रांत ४४४. म्हणजे ज्यांच्या परसांत वाघ त्यांनीं तो समुद्रकांठीं विचारावा! पण जगाची रीतच अशी आहे. गिरगांवांत जन्म काढलेले किती लोक घारापुरीस जाऊन आले आहेत तें एकदां चाळींत विचारून पाहावें.

बंदराचें शहर आणि श्वापदांचें रान यांची सांगड एका प्रवासांत घालणें ही तशी आफ्रिकेंतील प्रवाशांची पद्धत. केनियांत मोंबासा बंदरीं चार दिवस काढून लोक त्सावोच्या रानांत शिरतात. दक्षिण आफ्रिकेंत केपटाऊन पाहून क्रुगर गांठतात. ‘सफारी’ हा शब्दही तिकडचा, स्वाहिली भाषेंतला. त्याचें मूळ अरबी ‘सफर’; आणि ही सफर तर मराठी घरांत केव्हांच येऊन बसलेली आहे. मोंबासाहून आंत जाणारा लोहमार्ग १८९६ पासून ज्या मजुरांनीं घातला ते बहुतेक हिंदुस्थानांतून नेलेले होते, आणि १८९८ सालीं त्सावो नदीच्या पुलावर काम चाललें असतां त्यांतील कित्येकांना सिंहांनीं खाल्लें. रान पाहावयास जाणें वेगळें आणि पोटासाठीं रानांत जावें लागणें वेगळें. हा भेद आपल्याकडेही आहे. त्याविषयीं पुढें ओघानें येईल.

आमच्या बेतांतलें रान म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा. मध्य प्रदेशांतील रानें सोडून तेंच कां, याचीं कारणें दोन. तेथील वाटाडे आसपासच्या गांवांतले असल्यामुळें मावशींना त्यांच्याशीं मराठींत बोलतां येईल. न बोलतां केवळ पाहत बसणें हा त्यांचा स्वभाव नव्हे. दुसरें कारण वाटेचें. मंडळी इंदूरहून रात्रीच्या अवंतिका गाडीनें मुंबईस येणार, मुंबईहून नागपूरकडे जाणार, आणि नागपूरहून इंदूरला थेट गाडी असल्यामुळें परस्पर घरीं परतणार. आल्या वाटेनें मागें येण्याचे दोन दिवस वांचले. जोडप्रवासांत हें त्रिकोणाचें गणित आधीं पाहावें असें आमचें मत आहे. नऊशें किलोमीटर जाऊन तितकेच पुन्हां मागें येण्यांत म्हाताऱ्या माणसांचा निम्मा जीव जातो.

पण खुंटी ठोकावयाची ती रानाकडून. शहर कोणत्याही दिवशीं दारांत उभें असतें. रानाचा दिवस, वेळ आणि प्रवेशद्वार आधीं ठरवावें लागतें. वन खात्याकडे नोंदणी करतांना प्रत्येकाचें नांव, वय व ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, आणि तेंच ओळखपत्र दारावर दाखवावें लागतें. एका जिप्सी गाडींत सहा प्रवासी बसतात. त्यांचीं पांच आणि आमचीं चार मिळून नऊ माणसें. तेव्हां गाड्या दोन. खर्चाचा आंकडा तेथेंच दुप्पट झाला, हें घरांतील कर्त्या माणसांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

वारांचें पथ्य तर पंचांगालाही लाजविणारें आहे. सोमवारीं घारापुरीचीं लेणीं बंद, बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यानही बंद. मंगळवारीं ताडोबा बंद. बुधवारीं भायखळ्याची राणीची बाग बंद. राहुकाळ परवडला! मात्र यांतूनच आम्हांस मार्ग सांपडला. सोमवारीं संध्याकाळीं दादरहून विदर्भ एक्सप्रेस पकडावी. मंगळवारीं सकाळीं गाडी तिकडे पोंचते. रान त्या दिवशीं मिटलेलेंच, तेव्हां तो दिवस आपोआप विसाव्याचा झाला. बुधवार आणि गुरुवार रानाचे, शुक्रवारीं परत. मुंबईचे दिवस त्या आधींचे, गुरुवारपासून सोमवारपर्यंत.

महिन्याविषयीं घरांत बराच वाद झाला. मुलांना सुटी मे महिन्यांत. पाणवठे आटल्यामुळें वाघ दिसण्याचा संभवही तेव्हांच अधिक. परंतु त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, आणि उघड्या गाडींत तें ऊन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या देहानें सोसावें असें म्हणणें हा अविचार होय. पावसाळ्यांत, जुलैपासून सप्टेंबर अखेरपर्यंत, गाभ्यांतील रान मिटलेलें असतें. नाताळांत गर्दी फार. राहिला जानेवारीचा उत्तरार्ध. त्यांतलेही प्रजासत्ताकदिनाच्या आसपासचे दिवस टाळावे. शाळेचे सात-आठ दिवस बुडतील, ते बुडूं द्यावे. आजीबरोबर रान पाहण्याचा धडा कोणत्या इयत्तेच्या पुस्तकांत आहे?

मुंबईंत काय दाखवावें याचा विचार करितांना आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. रान काय तें ताडोबांत आणि शहर काय तें मुंबईंत, असा कप्पा करण्याचें कारण नाहीं. ज्या भागांत आम्ही राहतों तेथें रान नांवांत लपून बसलें आहे. चिंचपोकळींत चिंच आहे, वडाळ्यांत वड आहे, उमरखाडींत उंबर आहे. परळ हें नांव पाडळीच्या झाडावरून पडलें असें सांगतात. आमच्या गिरगांवांतच फणसवाडी आहे, केळेवाडी आहे. फणस गेले आणि वाडी राहिली. शहराच्या नळाला १८६० सालापासून विहार तलावाचें पाणी येऊं लागलें. तें तळें बोरिवलीच्या ज्या रानाच्या कुशींत आहे त्या रानांत आजही बिबटे राहतात. गिरगांवच्या कित्येक पिढ्या बिबट्याच्या शेजारचें पाणी प्यायल्या, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

गिरगांवचा पहिला दिवस समुद्राचा. चौपाटीवर सकाळीं साडेसहाला जावें, घरची घडीची खुर्ची बरोबर न्यावी, आणि मावशींना पाण्याकडे तोंड करून बसवून आपण गप्प राहावें. तेथें त्यांना माहिती सांगूं नये. समुद्र हा माहिती सांगण्याचा विषय नव्हे, आणि त्यांचा पहिला समुद्र गर्दीनें खाल्ला आहे. दुपारीं खेतवाडीकडे एक फेरी. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचें बालपण या खेतवाडींत गेलें. १८९६ सालीं जन्मलेलें हें मूल लहानपणींच पोरकें झालें व मामांच्या घरीं वाढलें. छऱ्याच्या बंदुकीनें त्यानें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका पाहून ही कोणती जात, असा प्रश्न पडला. मामांना उत्तर येईना, म्हणून त्यांनीं मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडलें. मिलार्डसाहेबांनीं रागें न भरतां कपाटें उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले, आणि हिंदुस्थानला त्याचा सर्वांत मोठा पक्षिवेत्ता मिळाला. ही गोष्ट नातवंडांना खेतवाडींत उभें राहूनच सांगावी. १८८३ सालीं स्थापन झालेली ती संस्था आजही फोर्टांत आहे. गिरगांवहून तिकडे जावयास २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो झाली. उद्वाहकाची सोय असल्यामुळें मावशींना जिन्यांचा त्रास नाहीं.

घारापुरीचा बेत आम्हीं सोडून दिला. होडी, धक्का, आणि वर शंभरावर पायऱ्या. एवढें करून दुसऱ्या दिवशीं पाय सुजले म्हणजे पुढचें रान राहिलें. त्याऐवजीं राणीची बाग. १८६२ सालीं उघडलेल्या या बागेंत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर, घारापुरीचा मूळ दगडी हत्ती उभा आहे. तो विलायतेस नेण्याच्या खटपटींत मोडला आणि मग येथें जोडून ठेवला गेला. ज्या हत्तीवरून फिरंग्यांनीं बेटाला नांव दिलें तो पायऱ्या न चढतां भेटतो, हें काय थोडें झालें? बागेंतले जुने वृक्ष मावशींना आवडतील, मुलांना पेंग्विन आवडतील. उष्ण मुंबईंत थंड केलेल्या कांचेआड हे पाहुणे २०१६ पासून राहिले आहेत; आमचें मन त्यांच्याकडे पाहून प्रसन्न होत नाहीं, पण मुलांचें होतें हें खरें.

याच सुमारास इंदूरहून मावशींच्या मुलाचा फोन आला. त्याचें म्हणणें असें कीं, आईच्या कमरेचीं हाडें ठिसूळ झालीं आहेत, डॉक्टरांनीं धक्के सांभाळावयास सांगितलें आहे. तेव्हां तिला गिरगांवांतच ठेवूं, आणि वाघच पाहावयाचा तर बोरिवलीस आहे, लोकलनें तासाभराचें काम. बोरिवलीस वाघ आहे ही गोष्ट खरी. तेथें तो कुंपणाच्या आंत आहे आणि जाळीच्या गाडींतून पाहतां येतो. हें मावशींच्या कानावर घालतांच त्यांनीं उत्तर दिलें, “कुंपणांतला वाघ म्हणजे भिंतीवरचाच, फक्त श्वास घेणारा.” मुलाची काळजी खोटी नाहीं. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या नांवानें बेत आंखावा आणि बेत पक्का होतांच त्यालाच घरीं बसवावें, हा जो प्रकार आपल्या घराघरांतून प्रेमाच्या नांवाखालीं चालतो, तो आम्हांस मान्य नाहीं. धक्के कसे कमी करतां येतील हें पाहावें. माणूस कमी करूं नये.

परळ-लालबागचा दिवस आम्हीं मोठ्या आवडीनें आंखला आहे. हाफकिन संस्थेची वास्तु बाहेरून पाहावी. पूर्वीं तें गव्हर्नराचें निवासस्थान होतें. १८९९ पासून प्लेगच्या संशोधनासाठीं दिलें गेलें, आणि पुढें सर्पदंशावरील प्रतिविषाच्या कामानें या संस्थेचें नांव खेड्यापाड्यांत पोंचलें. रानांत जाणाऱ्यानें या इमारतीला मनांतल्या मनांत नमस्कार करावा. मग लालबागची चिवडा गल्ली. गाडींतल्या रात्रीसाठीं आणि विश्रामगृहांतील अवेळच्या भुकेसाठीं पातळ पोह्यांचा चिवडा येथूनच घ्यावा. फार तिखट घेऊं नये, पाणी सारखें लागतें. जवळच मसाल्यांचीं दुकानें आणि डंक आहेत. भाजल्या मिरच्यांचा ठसका गिरणगांवांत शिरतांच लागतो. गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यांच्या जागीं कांचेचे मनोरे उभे राहिले, पण डंकाचा आवाज अजून आहे.

तेथून पूर्वेस शिवडी. आमच्या मतें या सबंध बेताचा मणि तोच. शिवडीच्या खाडींतील चिखलावर हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, ज्यांस अग्निपंख असेंही म्हणतात, थव्यांनीं उतरतात. एका बाजूस तेलाच्या टाक्या, गोदामें, जुन्या नौकांचे सांगाडे. समोर लांब गुलाबी रेघ. चिखलांतील सूक्ष्म शेवाळ खाऊन त्यांच्या अंगीं तो रंग येतो. येथें वेळ घड्याळाची नव्हे, भरतीची पाहावी. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात; पूर्ण ओहोटीला ते फार दूर असतात. भरतीच्या आधींचे किंवा नंतरचे दोन-तीन तास चांगले. २०२४ च्या जानेवारींत उघडलेला अटल सेतु याच किनाऱ्यावरून निघतो. शिवडीस पक्षी कमी दिसले तर ऐरोलीहून होडीनें ठाण्याच्या खाडींत जातां येतें. ती खाडी २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादींत आहे. वाघ दिसला नाहीं तरी रानानें आपणांस रिकाम्या हातीं पाठविलें असें वाटूं नये, म्हणून हे पक्षी आधीं डोळ्यांत भरून घ्यावे, असा आमचा एक छुपा हेतुही यांत आहे.

सोमवारीं दुपारीं सामान बांधून दादर. मावशींना आवडणारें पियूष तेथें प्रकाशकडे मिळतें, तें घेऊन मग स्टेशनाकडे निघावें. ज्यांना दादरचे फलाट जुन्या आंकड्यांनीं पाठ आहेत त्यांनीं सावध राहावें. २०२३ च्या डिसेंबरपासून मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक आठपासून सुरू होतात. गाडी येथें फार थांबत नाहीं. तेव्हां नऊ माणसें आणि बोजे एकाच दारानें चढविण्याचा हट्ट धरूं नये. मावशी, सून व एक तरुण माणूस आधीं, सामान मागून.

मंगळवारीं सकाळीं नागपूरला उतरून मोटारीनें चंद्रपूरच्या वाटेस लागावें. वाटेवर वरोरें आहे, आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं वसविलेलें आनंदवन. आधीं पत्र पाठवून परवानगी विचारून तेथें दोन तास थांबण्याचें ठरविलें आहे. ज्यांना घरादारानें बाहेर काढलें त्यांनीं ओसाड जमिनीवर केलेली शेती आणि उभारलेलें गांव मुलांनीं पाहावें; आणि मावशींची कमरही तेवढ्यांत मोकळी होईल. संध्याकाळपर्यंत मोहर्ली.

ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ चें, महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें. अंधारी नदीचें अभयारण्य त्यांत मिळून १९९५ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. सभोंवारचें रान धरून त्याचें क्षेत्र १७२७ चौरस किलोमीटर भरतें. आमचें मुंबई बेट, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचें, त्यांत पंचवीस वेळां मावेल. ताडोबा हें नांव तारू या गोंडांच्या पुरुषावरून पडलें. वाघाशीं झुंजतांना तो मेला, त्याचा देव झाला, आणि तळ्याच्या कांठीं त्याचें ठाणें आहे, अशी कथा. पौषांत तेथें आदिवासींची जत्रा भरत आली आहे. वाघाच्या रानाला वाघाचें नांव नसून वाघाशीं झुंजलेल्या माणसाचें आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थाची वाटते. कारण त्या जिल्ह्यांत ती झुंज संपलेली नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही भागांत तेंदूपानें वेचावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशीं वाघिणीच्या हल्ल्यांत मेल्या. त्या सफारीला गेल्या नव्हत्या. आम्हीं मुलांना ही हकीकत निघण्यापूर्वींच सांगितली. म्हणजे वाघ दिसला नाहीं तर वाटाड्यापुढें तोंड वाकडें करण्याची, पैसे वसूल झाले नाहींत असें म्हणण्याची बुद्धि त्यांना होणार नाहीं. त्या वाटाड्याच्या घरचें कोणी त्याच रानांत मोहफुलें वेचीत असेल.

धक्क्यांचा प्रश्न असा सोडविला आहे. जानेवारींत पहांटे उघड्या गाडींत थंडी झोंबते. म्हणून मावशींची फेरी बुधवारीं दुपारची. मोहर्लीहून तळ्याकडे जाणारा मुख्य रस्ता डांबरी आहे. त्यांची गाडी होईल तों त्यावरूनच नेण्याविषयीं वाटाड्यास आधीं सांगावयाचें. त्याच रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या वेळचे दगडी खांब आहेत. त्यांना दोर बांधून घंटेनें वर्दी पोंचवीत असत असें सांगतात. वाघ नसला तर खांब आहेत, तळ्यांत मगर आहे, बांबूंत रानगवा आहे. मागच्या बाकावर हादरे अधिक बसतात, तेव्हां पुढच्या ओळींतील जागा त्यांची, खालीं दोन उशा, कमरेला पट्टा. डॉक्टरांना हें सर्व विचारलें. त्यांनीं एका फेरीस परवानगी दिली आहे. दुसरी गुरुवारीं, पहिल्या फेरीनंतर कंबर काय म्हणते त्यावर. दुसऱ्या गाडीला अशी बंधनें नाहींत. तिनें आडवाटांनीं खुशाल हिंडावें. मोबाईल आंत नेतां येत नाहींत. तेव्हां एका गाडीला वाघ दिसला आणि दुसरीला नाहीं, असें झालें तर ती वार्ता रात्रीच्या जेवणापर्यंत कळावयाची नाहीं, हा एक मोठाच फायदा आहे.

लुगडें हिरवट किंवा मातकट रंगाचें असावें, अत्तर लावूं नये, बांगड्या कमी असाव्या, असें मावशींना कळविलें होतें. उलट टपालीं उत्तर आलें कीं, हिरवें लुगडें काढून ठेवलें आहे, आणि वाटाड्याला विचारावयाचे प्रश्न वहींत लिहून ठेवण्यास आरंभ केला आहे. सध्यां सतरा झाले. नोंदणीचा अर्ज काल भरला. प्रवाशांच्या यादींत पहिलें नांव मावशींचें घातलें, वय अठ्ठ्याहत्तर.